फाइल कोणी उघडी ठेवली?

सोमवार, ४ मार्च
दुपारी तीनला चालणारा माझा प्रोग्राम पुन्हा बंद पडला. कारण तेच. कोणीतरी आपल्या स्क्रीनवर ग्राहकांची फाइल उघडी टाकून निघून गेलं. फाइल दुसऱ्याच्या ताब्यात असली की माझा प्रोग्राम तिथेच मान टाकतो. यात माझा काही दोष नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी तो लिहिला तेव्हा माणसं शिस्तीची होती.

तो पडला की उद्या कोणत्या मीटर रीडरने कोणत्या गल्लीत जायचं, ही यादी निघत नाही. थोडक्यात, अख्खं पाणीपुरवठा खातं माझ्यावर उभं आहे.

ऑपरेटर बाई तीन जिने उतरून सांगायला आल्या. मी फाइल बंद केली, प्रोग्राम परत चालवला. काम चार मिनिटांचं. बाई वीस मिनिटं बसल्या, टेबलाच्या कडेवर. गुडघ्याचं सांगत होत्या.

संकल्प : गुन्हेगार शोधणे. प्रोग्रामचं मॅन्युअल लिहिणे. दुसऱ्या खुर्चीवरची कागदांची चळत हलवणे.

मंगळवार, ५ मार्च
खुर्ची रिकामी केली. मॅन्युअलचं शीर्षक ठरवलं. दमलो.

पत्रक काढलं : फाइल उघडी ठेवून जागा सोडणाऱ्याची गय केली जाणार नाही. मजल्यावरच्या अकराही टेबलांवर एकेक ठेवलं. दहा जण गेल्या वर्षीच नव्या सिस्टिमवर काम करायला वरच्या मजल्यावर गेलेत, पण नियम म्हणजे नियम.

प्रोग्राम नीट चालला. दुपार संपता संपेना.

बुधवार, ६ मार्च
पडला. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, वर सगळे कानात काहीतरी घालून बसतात, आपल्याशी बोलतात की फोनवर तेच कळत नाही, तुमच्या खोलीत बरं वाटतं. मी म्हटलं, मग येत जा की. म्हणाल्या, कामाशिवाय कसं येणार.

येताना त्यांनी लॉगचा, म्हणजे मशीनच्या नोंदींचा, कागद आणला होता. फाइल टर्मिनल चारवर उघडी होती. टर्मिनल चार कोणाचं, असं त्यांनी विचारलं. चौकशी करतो म्हटलं.

साडेचार. चौकशी पूर्ण. या मजल्यावर चालू टर्मिनल एकच आहे. त्याच्यावरचा आकडा पुसट झालाय. ओल्या फडक्याने पुसून पाहिला. चार असावा. ठामपणे सांगता येत नाही.

गुरुवार, ७ मार्च
शांतपणे विचार केला. जेवून आल्यावर मी फाइल उघडतो ती केवळ देखरेखीसाठी. ग्राहकांची नावं वरून खाली वाचत जातो. कोणी घर बदललं, कोणाच्या घरात माणसं वाढली, सगळं कळतं. मग पावणेतीनला पाय मोकळे करायला उठतो. रोज चालायला डॉक्टरांनीच सांगितलंय. तेव्हा मूळ दोष डॉक्टरांचा.

तरी कानाला खडा. फाइल बंद केल्याशिवाय उठायचं नाही.

रविवार, १० मार्च
ताईचा फोन. म्हणाली, आता पुरे कर ती नोकरी, इकडे राहायला ये. म्हटलं, ताई, माझ्यावाचून तिथलं पान हलत नाही. म्हणाली, जेवलास का?

सोमवार, ११ मार्च
फाइल बंद करून उठलो. प्रोग्राम चालला. कोणी आलं नाही.

मंगळवार, १२ मार्च
कालच्यासारखंच. मॅन्युअलचं शीर्षक बदललं.

बुधवार, १३ मार्च
पडला. विसरलो. शेवटी मीही माणूसच.

पण आज बाईंबरोबर साहेब आले, आणि वरची नवी प्रोग्रामर मुलगी. खुर्ची साहेबांनी घेतली. म्हणाले, यादीला उशीर होतो, मीटर रीडर ताटकळत बसतात. मुलगी म्हणाली, काका, पाच ओळींचं काम आहे, तीन वाजता फाइल कोणाकडेही उघडी असली तरी आपोआप बंद करायची. काका म्हणे. माझ्या सत्तावीस वर्षांच्या प्रोग्रामला पाच ओळी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. साहेब म्हणाले, करून टाक. बाईंनीही मान डोलावली. त्यांचे गुडघे दुखतात, ते खरं आहे.

शुक्रवार, १५ मार्च
मुलीने पाच ओळी घातल्या. नीट मोजल्या तर सहा आहेत.

दोन दिवसांत तोंडघशी पडतील आणि धावत खाली येतील. संकल्प : लगेच मदत करायची नाही. थोडं ताटकळू द्यायचं. बाई आल्या तर लगेच करायची.

सोमवार, १८ मार्च
नाही पडला.

मंगळवार, १९ मार्च
नाही.

बुधवार, २० मार्च
चाचणी म्हणून फाइल उघडी ठेवली. अशा वेळी अनुभवी माणसाने चाचणी घ्यायलाच हवी. तीनच्या ठोक्याला स्क्रीनवर ओळ आली : आपली फाइल बंद करण्यात आली आहे. तेव्हा मी काटकर आडनावाच्या घरापर्यंत पोचलो होतो. प्रोग्राम सुरळीत चालला. गरज सरो, वैद्य मरो.

गुरुवार, २१ मार्च
ही वही माझ्याशिवाय कोण वाचणार आहे? कालची चाचणी नव्हती. बाई याव्यात म्हणून ठेवली उघडी. आधीही बहुतेक तसंच असेल. दुपारी इथे फार एकटं वाटतं.

शुक्रवार, २२ मार्च
तीन वाजून दहा मिनिटांनी वर फोन लावला. बाईंनीच उचलला. प्रोग्राम ठीक आहे ना, विचारलं. म्हणाल्या, अगदी छान चाललाय, आता तुम्हाला रोज रोज त्रास द्यायला नको. म्हटलं, बरं झालं. म्हणाल्या, आणखी काही होतं का? मी म्हटलं, नाही, काही नाही.

फोन ठेवल्यावर सुचलं. त्रास होत नव्हता, एवढं तरी सांगायला हवं होतं.