हळदीची गाणी आणि गावचा ठराव

धनगरवस्ती, ता. शिरूर
२८ एप्रिल १९९९

तीर्थस्वरूप बयाआत्यास मुक्ताचा नमस्कार. बिरोबाच्या कृपेनं इकडं सगळी खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? शेकायची पिशवी विकत घेऊ नका, सोपानदादाला रेल्वेच्या दवाखान्यात मागायला सांग.

सुषमा, सासूबाईंना हे तूच वाचून दाखवणार, म्हणून आधीच सांगते. पुढचं वाचताना दादाला बाहेर पाठव, आणि तू हसू नकोस.

आत्या, माझ्या अंकिताचं लग्न अधिक महिना लागायच्या आत उरकतोय. मांडवाचं, भांड्यांचं सगळं जमलंय. फक्त तुझा निरोप आला, "मी त्या गावात पाऊल टाकणार न्हाई."

तुझा राग खरा आहे. पार्वतीबाईच्या लेकीच्या हळदीत तू 'व्याहीबाबाचं धोतर सुटलं' एवढंच म्हणालीस आणि कोंडिबा सरपंच मांडवात उभे राहिले. "आत्याबाई, गावात ठराव झालाय. असलं गाणं बंद."

तू म्हणालीस, "आरं, तुझ्या आयच्या हळदीला मीच गायले व्हते, म्हणून तर तू झालास!"

बाया हसल्या, तेच सरपंचांना झोंबलं. त्यांनी पोलीस पाटलाला बोलवायची भाषा केली आणि तू ताटावर न बसता दौंडची जीप धरलीस.

तो ठराव माझ्या अक्षरात आहे. मॅट्रिक झालेली म्हणून महिला मंडळानं मलाच लिहायला बसवलं. फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हरिबा व्हिडिओवर घाणेरडे पिक्चर लावायचा, बाहेर त्यांचे फोटो टांगायचा. रांजणगावला कंपनीत जाणाऱ्या आमच्या पोरींना तिथून येताना नको नको ते ऐकावं लागे. ते बंद झालं याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण मी लिहिलं, 'अश्लील चित्र, गाणे अथवा बोलणे गावाच्या हद्दीत चालणार नाही.' पिक्चरमध्ये गाणी असतात म्हणून 'गाणे' घातलं. आपली गाणी त्यात धरली जातील हे डोक्यातच आलं नाही. ती मला कधी अश्लील वाटलीच नव्हती.

मी सरपंचांकडे जाऊन आले. मी म्हटलं, तेवढा 'गाणे' शब्द काढा. "काढू की वहिनी, लग्नसराई तर संपू द्या," म्हणाले.

मग गिरणीत हरिबा भेटला. "वहिनी, माझं बंद, मंग आत्याचं का चालू? माझी गिऱ्हाइकं दार लावून बघत व्हती. आत्या तर मांडवात माइक धरून म्हणती."

पीठ घेऊन घरी आले. देवापुढं दिवा लावताना मनात आलं, त्याच्या पडद्यावरच्या बाईला उलटून बोलता येत नाही. तुझ्या गाण्याची समोरची विहीण दुप्पट फेड करते. पण हे ग्रामसभेत सांगायचं तर गाणं म्हणून दाखवावं लागेल.

आता ज्यासाठी एवढा कागद खर्च केला ते लिहिते. माझ्या लग्नात आईनं एवढंच सांगितलं, "सासरी मुकाट राहा." बाकी जे कळायचं ते तुझ्या गाण्यातून कळलं. अंगाला हळद लागलेली, मान खाली घालून मी हसत होते, आणि पोटातली भीती कमी होत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. जपाची माळ ओढणारी बाई हे कुठं सांगणार?

परवा अंकिता म्हणाली, "आई, तिकडं गेल्यावर..." आणि थांबली. माझी जीभ रेटेना. देवाचं नाव घे, म्हणाले.

म्हणून ठरवलंय, हळदीला गाणं मीच उचलणार. पोलीस पाटलांना नाव लिहायचं तर आधी माझं लिहू देत. घरी यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझा आवाज ऐकून नवरदेव पळाला न्हाई म्हंजी झालं."

पण आत्या, मला सुरुवातीची दोनच कडवी येतात. पोरीला जे कळायला हवं ते त्यांच्या पुढं आहे, आणि ते तुलाच येतं.

तू आली नाहीस तर भर मांडवात अर्ध्यावर अडणारी,
तुझी भाची
मुक्ता