सहाशे तेराचा ताळा

प्रिय ठमे,

तुझे पत्र पोचले. महिनाअखेर संशोधन सोडून, खोली रिकामी करून घरी येतेस म्हणे. ज्या शंभर आकडी संख्येला तू चारचौघांत मूळ संख्या म्हणालीस, तिला तुझ्याच बरोबरच्या एकाने भाग घालवून दाखवला, आता तोंड कसे दाखवू म्हणतेस. पत्र मी बाबांना वाचून दाखवले. ते बरं म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. त्यांच्या मनाविरुद्ध शिकायला गेलीस, तेव्हापासून तुझा विषय निघाला की त्यांचा चष्मा मळतो.

मी मॅट्रिकपर्यंतची बाई, शंभर आकडे काही माझ्या आवाक्यातले नव्हेत. पण मागच्या सुट्टीत तू सांगितले होतेस, दहा लाख तीन ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच पुरता भाग जात नाही. खात्री करायला हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागले की पुरे, कारण भाजकांची जोडी असलीच तर त्यातला एक हजाराच्या आत सापडणारच. अशा एकशे अडुसष्ट. म्हटले, लेक अडखळली ती वाट कशी असते ते पाहू तरी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, वर देवाचे नाव घालून, पूजा आटोपली की रोज दहा-बारा भागाकार केले. सातने बाकी चार, अकराने चार, तेराने चार, पुढे सदतीसनेही चारच. मला त्या चारचा लळाच लागला.

एकशे बारावा भाजक सहाशे तेरा. शेवटचा तीन खाली उतरवला, तर समोर सहाशे तेराच उभे. बाकी शून्य. आणि मी करंटी, जाऊन बाबांना सांगून बसले की पोरीचे हेही खोटे निघाले.

त्यांनी माझी पाने पुढ्यात ओढली. जन्मभर वखारीत दुसऱ्यांची वजने तपासलेला माणूस, ताळा घेतल्याशिवाय देवाचेही ऐकायचा नाही. गुणून पाहिले तर दोनशे कमी. मग एकेक ओळ चढत वर गेले आणि एका जागी बोट टेकवले. एकोणीसशे वीसमधून अठराशे एकोणचाळीस काढून मी एक्याऐंशीच्या जागी एकसष्ट लिहिले होते. पोरगी आईवर गेली, म्हणाले, दोघींनाही घाई. आणि हसले. तुझ्यावरून हसले, दोन वर्षांनी. उरलेले छप्पन्न भागाकार आम्ही मिळून केले. भागायचे मी, ताळा त्यांचा. दहा लाख तीन जागच्या जागी आहे.

आता लिहायचे कारण. रविवारी सकाळच्या गाडीने बाबा तुझ्याकडे येत आहेत. तिला कळवू नकोस म्हणाले, म्हणूनच कळवते. तुला परत आणायला नव्हे. पिशवीत दोन जाड वह्या आणि डझनभर पेन्सिली भरल्या आहेत. शंभर आकडी तर शंभर आकडी, पोरगी कुठे चुकली ते शोधून काढू म्हणतात. हे हाताने व्हायचे नाही, असे लगेच सांगू नकोस. आधी त्यांना तुझ्याशेजारी बसू दे.

तुझीच,
आई