लाल काट्याचा अर्धा तास

श्रीरामपूर, ६ जानेवारी २०२५

चि. शांतवन यास ताईचे अ. आ. आणि सलाम.

गणिताला कंटाळलास की आपण स्टेशनच्या बाकावर पेरू खात बसायचो आणि तिथल्या घड्याळाचा मोठा काटा कधी उडी मारतो ते बघायचो, आठवतं?

फोनवर आता मला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. किडन्या दमल्या. डायलिसिस मीच नको म्हटलं. सुनील चिडला, सूनबाई अश्विनी रडली. डॉक्टर म्हणतात, दोन महिने. तुला एकदा बघायचं आहे, बाकी काही नको.

तू दिलेलं वैमानिकाचं घड्याळ हातात आहे. तीन काटे श्रीरामपूरचे, चौथा लाल टोरंटोचा. तो तुझ्या सकाळच्या सातावर आला, म्हणजे माझ्या संध्याकाळी सहाला, मी तुझ्यासोबत प्रार्थनेला बसते. येशील ना?

लोभ आहेच, तो घेऊन ये.
तुझी करुणाताई

टोरंटो, २२ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. व सलाम.

माझ्या नाकात ऑक्सिजनची नळी आहे. चाळीस वर्षं विमान चालवलेल्या माणसाला डॉक्टर आता प्रवासी म्हणूनसुद्धा बसू देत नाहीत. हस हवं तर. मी येऊ शकत नाही, ताई.

एक कबुली देतो. जेट विमानं समुद्र ओलांडू लागली तेव्हा, पन्नासच्या दशकात, अशी घड्याळं निघाली. वैमानिकाला घरची आणि मुक्कामाची वेळ एका नजरेत हवी होती. लाल काटा चोवीस तासांत एक फेरी करतो, पण सरकवताना पूर्ण तासाचीच उडी घेतो. इथल्या-तिथल्या वेळेत साडेदहा तासांचा फरक, त्यातला आपल्या देशाचा अर्धा तास त्याला मांडताच येत नाही. तू बसतेस तेव्हा इथे साडेसात झालेले असतात. कळलं होतं कधीच, पण तुला सांगणं जिवावर आलं. साताचा चहा निवत ठेवून तुझी वाट बघायचो. हल्ली साताच्या गोळीनंतर मला जाग राहत नाही.

रागावू नकोस.
तुझा शांतवन

श्रीरामपूर, ९ फेब्रुवारी २०२५

चि. शांतवन यास अ. आ. आणि सलाम.

इतकी वर्षं तुला ताटकळत ठेवलं, आणि तू एकदा ‘ढ’ म्हणालासुद्धा नाहीस!

घड्याळ मंगळवारी थांबलं. हाताच्या हालचालीवर चालतं ना ते. माझा डावा हात नुसता पलंगावर पडून असतो. सुनील हलवून चालू करतो म्हणाला. मी नको म्हटलं.

घड्याळ अश्विनीला द्यायचं. तिचे हात दिवसभर थांबत नाहीत. शिलाई मशीन केशरबाईला. वीस वर्षं तिने इथे स्वयंपाक केला. गरम शाली तुला पाठवायला सांगितल्या आहेत.

माया आटू देऊ नकोस.
तुझी करुणाताई

ता. क. आईच्या कबरीशेजारची जागा तुझ्यासाठी राखली होती. फादरांना सांगून ती मी घेतली.