सरपंचाच्या कपाळावरचं पांढरं

प्रिय बकुळा,

नाही गं बाय, घोडी विकली नाही. काल बाजारात तुझ्या जतीनने मला गाठून विचारलं, चांदणी आहे ना अजून, आई विचारते. तेही माझ्याकडे न बघता, भेंडीच्या ढिगाकडे बघत. मी म्हटलं, भेंडीला काय विचारतोस, ती तर आज सकाळीच आली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. चांदणी आहे. शेडमध्ये उभी आहे आणि मी लिहितेय तर खुराने जमीन खरवडतेय, म्हणजे तिची चंदी द्यायची वेळ झाली.

फोन का केला नाही म्हणशील. तुझा नवरा फोन स्पीकरवर टाकतो आणि मग चिखले गावची अर्धी आळी आपलं बोलणं ऐकते. चिठ्ठीचं बरं असतं, वाचायला त्याला चष्मा लागतो आणि चष्मा त्याला सापडत नाही. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आपण. माझं अक्षर कसं लावायचं ते तुलाच माहीत. पाकीट डिंकाने चिकटवून जतीनच्या हाती देणार आहे.

चांदणीला बघायला माणूस आला होता हे खरं. गुजरातकडचा होता. त्याने तिचे दात बघितले, पोटावर थाप मारली, पण डोळ्यांकडे एकदाही बघितलं नाही. कशासाठी हवी म्हटलं, तर म्हणाला कामाला. गुडघा हा असा नारळाएवढा सुजलेला, आणि म्हणे कामाला! मी त्याला चहा दिला, साखर न घालता, आणि वाटेला लावलं.

तो गुडघा गेल्या लग्नसराईतला. तलासरीला हायवेजवळ वरात होती, डीजे छातीत धडधडत होता, आणि चांदणीचा पाय खड्ड्यात गेला. नवरदेव पडला नाही, फेटा पडला. वरमाय माझ्याकडे अशी बघत होती जसं काही खड्डा मीच खणला. तेव्हाच मला कळलं, ही हिची शेवटची वरात. धोंडू असता तर त्यालाही कळलं असतं, पण ते मान्य करायला त्याने एक उन्हाळा घालवला असता. माझा नवरा घोडीच्या बाबतीत फार हळवा. माझा गुडघा दुखला की म्हणायचा, चालून बघ, मोकळा होईल. घोडीचा दुखला की तेल कोमट करायचा.

घोडी पाळणं म्हणजे काय, ते तुला चिकूच्या वाडीत बसून कळणार नाही. चणे, कोंडा, पेंढा, नाल ठोकणारा, पावसाळ्यात खुरांना औषध. धोंडू म्हणायचा, आपली घोडी चणे खात नाही, बकऱ्या खाते. खरंच होतं ते. वराती असायच्या तोवर एखादी बकरी विकली की वर्षाचं भागायचं. वराती बंद झाल्या तशा माझ्या बकऱ्या भराभर गेल्या. पूर्वी व्यापारी आला की मी विहिरीवर जायची, धोंडू बकरी सोडायचा. आता दावं मलाच सोडावं लागतं. त्या बकऱ्या माझ्यामागून येतात गं, मी नेतेय म्हणून. हे कोणाला सांगितलं नव्हतं.

सरपंच बोकडाला मी का विकलं, ते तू शेवटची आलीस त्या दिवशी विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी भांडले असते. घोडीवाल्यांची रीतच आहे, घोडी एकटी ठेवायची नाही, जवळ एक बकरं बांधायचं. चांदणी नवीन आणली तेव्हा लाथा मारून शेडचे पत्रे वाकवायची. म्हणून धोंडूने काळं करडू आणून तिच्या पायाशी बांधलं, कपाळावर बोटभर पांढरं होतं त्याच्या. पुढे खच्ची केलं, वाढून वासराएवढं झालं. कुठल्याही पाड्यावर लग्न असो, हा वरातीत सगळ्यांच्या पुढे, जेवणात सगळ्यांच्या आधी, आणि हलवला तरी हलायचा नाही. म्हणून सरपंच. नवरदेवाची बहीण चांदणीला भिजलेली चण्याची डाळ भरवायची, त्यातली निम्मी हा खायचा. तुझ्या जतीनच्या लग्नाच्या फोटोत नवरीपेक्षा तोच छान आलाय. दिशाला सांगू नकोस.

तर या पावसाच्या तोंडावर गवत भरायचं होतं. दावणीला उरल्या होत्या दोन गाभण, एक दुभती, दोन करडं आणि हा. दूध नाही, पिल्लं नाही, खायला मात्र पुढे. वजनाला चांगला भरत होता. मी डोक्याने विचार केला, बकुळा, धोंडू नेहमी म्हणायचा तसा. तलासरीच्या व्यापाऱ्याच्या गाडीत मीच चढवला त्याला. घोडी जगवायची म्हणून.

आणि घोडीने खाणं टाकलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं नखरे. तोंडाला चण्यांचा तोबरा बांधला तर तशीच उभी राहिली. कोंडा गुळात कालवला, हुंगलासुद्धा नाही. ढोरांचे डॉक्टर आले, तोंड बघितलं, पोटाला नळी लावून ऐकलं, म्हणाले आजार सापडत नाही. भला माणूस. जाताना शेडच्या बाहेर येऊन हळूच म्हणाले, मावशी, वय झालंय, पाय गेलाय, अशीच उपाशी राहिली तर तिचे हाल करू नका, मला बोलवा, एका इंजेक्शनचं काम आहे. मी मान हलवली. त्यांच्या फोनचा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला. चौथ्या दिवशी बोलवायचं असं मनात ठरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तू आलीस, पदरात चिकू घेऊन. तिने चिकूही घेतला नाही. तू शेडमध्ये इकडेतिकडे बघितलंस, रिकाम्या खुंट्याकडे बघितलंस, आणि मला फक्त व्यापाऱ्याचं नाव विचारलंस. एरवी तुझं तोंड बंद करायला मला वाटीभर शेव पुढे ठेवावी लागते. त्या दिवशी एक शब्द जास्त नाही. दुसऱ्या दिवशी मी नंबर लावायला फोन हातात घेतला, तर दारात जतीनचा टेम्पो, आणि टेम्पोत सरपंच.

तेव्हापासून चांदणी खाते. कशी खायला लागली ते शेवटी सांगते, आधी सरपंचाची बातमी. तलासरीची हवा त्याला फार मानवली बघ. पार सुधारून आलाय. पूर्वी हाक मारली की दार मोडून यायचा, आता सरपंच म्हटलं की मागे वळून बघतो, दुसरं कोणी आलंय का. कोंबड्यांना घाबरतो. केळीची सालं पूर्वी तोंडात धरायचा नाही, आता टोपलीसकट खातो. एवढे दिवस ज्या खुंट्याला राहिला तो खुंटाही विसरला, दोन दिवस दुभतीच्या जागेवर जाऊन बसत होता. पण रात्री चांदणीच्या पुढच्या पायांत अंग मुडपून झोपतो, आणि ती बिचारी पाय हलवत नाही, दुखरासुद्धा.

डॉक्टर परवा येऊन बघून गेले. गुडघा बरा होणार नाही, पण उभी राहते, खाते, तोवर राहू दे म्हणाले. भिंतीवरचा नंबर मी पुसला नाही. लागेल एक दिवस, तेव्हा मी लावीन. पण तो दिवस बाजार ठरवणार नाही, आणि भूकही नाही. एवढं तुझ्यामुळे झालं. झूल आणि गोंडे मी तलासरीच्या एका घोडीवाल्याला देऊन टाकले, त्याची घोडी तरणी आहे. आणि तुझ्या वाडीतलं गवत, जे मी दर वर्षी नाक वर करून नको म्हणते, ते या वर्षी पाठव. भरपूर पाठव. मला लाज वाटत नाही आता.

तुझे उपकार मानायचे तर मला जमत नाही, मला तुझी थट्टा करता येते फक्त. पण शेडमध्ये उभी राहिले आणि तिचं चणे चावणं ऐकलं की तुझं नाव येतं तोंडात. देवाचं नंतर येतं.

आता मूळ गोष्ट. तीन महिने झाले, तू आली नाहीस. आधी पावसाचं कारण, मग सुनेचं, मग कंबरेचं. तुझी कंबर मला माहीत आहे, जत्रेला बरोबर सरळ होते. तू का येत नाहीस तेही माहीत आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसले. पुढच्या सोमवारी ये. शेव आणून ठेवते. मी तुला काही विचारणार नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलेलंच नाही.

तो सरपंच नाही, बकुळा. टेम्पोतून उतरला तेव्हाच ओळखलं मी. माझा सरपंच मी ज्या दिवशी गाडीत चढवला त्याच दिवशी गेला, आणि ते मला चढवतानाच माहीत होतं. कपाळावरचं पांढरं तू तांदळाच्या पिठाने काढलं होतंस, लग्नात भिंतीवर चौक काढतो तसं, आणि बये, काढलं होतंस सुबक. चांदणीने त्याला हुंगलं आणि मान फिरवली. मला वाटलं, संपलं. मग ती परत वळली आणि त्याच्या कपाळावरचं सगळं पीठ चाटून काढलं. चार दिवसांत तिने खाल्लेला तो पहिला घास. जतीन तुला सांगत असेल, एवढे पाऊस झाले तरी पांढरं तसंच आहे, आणि तू बुचकळ्यात पडली असशील. रोज सकाळी पीठ कालवून मीच लावते.

तुझीच, अजून तेवढीच आगाऊ,
तानी