पंतांची भूक आणि शेड नंबर ४१७

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

लेक काल येऊन गेली. नर्सिंगच्या ट्रेनिंगला तीन आठवडे परगावी चालली आहे, म्हणून पाळलेला सरडा आमच्याकडे ठेवून गेली. नाव पंत. एका डोळ्याने पुढे, दुसऱ्याने मागे बघत फांदीवरून सावकाश चालतो, म्हणून. पिंजरा ती आईच्या हातात देत होती. मी मध्ये हात घातला.

सोबत दोन पानी सूचना. फ्रिजवर लावल्या. वाचल्या नाहीत. रंगाच्या दुकानात सव्वीस वर्षं शेड जुळवणाऱ्या माणसाला रंग बदलणारा प्राणी सांभाळायला कागद कशाला?

संकल्प: लेक परत येईपर्यंत पंतांना गुटगुटीत करणे.

४ मार्च. दुपारी

पंतांनी काल काही खाल्लं नाही. आजही नाही. नवी जागा, भिडस्त स्वभाव. ओळख वाढावी म्हणून पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकली आणि अडीच तास डोळ्यांत डोळे घालून बसलो.

रंग तपकिरी. शेड कार्ड काढून लावून पाहिलं. तंतोतंत ४१७, ‘शांत संध्याकाळ’. म्हणजे पंत शांत आहेत. निदान झालं. डॉक्टरांची फी वाचली.

६ मार्च

स्वयंपाकघरातल्या काट्यावर पंतांचं वजन केलं. ११८ ग्रॅम. बायको म्हणाली, तो काटा आता तुमचाच, मी दुसरा आणते.

दुकानातून रजा घेतली. माझ्यावाचून शेड जुळवायचे वांधे होणार, तेव्हा मालक अडवतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, सावकाश या, नवं मशीन आहे ना. मशीन डब्यावर धरलं की दोन सेकंदांत शेडचा नंबर सांगतं. पण त्याला नजर नाही. चार दिवसांत मालकांचा फोन येईल.

८ मार्च. सकाळी ८.००

पंतांनी एकही किडा तोंडात घेतलेला नाही. त्यांना सोबत म्हणून आजपासून मीही उपाशी. ते खातील तेव्हाच मी खाईन.

सकाळी ८.४०

चहा धरायचा नाही, तो द्रव आहे.

सकाळी १०.१५

बिस्किटं चार. काळजीवाहू माणसाने धडधाकट राहायलाच हवं. उपास तत्त्वतः चालू.

११ मार्च

हिरवा शर्ट घातला. उद्देश: पंतांनी मला झाड समजावं. तीन तास हललो नाही. पंतही हलले नाहीत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, यांची फांदीच्या टोकापर्यंतही नाही.

मग किडे उठून दिसावेत म्हणून वाटीमागे पिवळ्या शेडची पट्टी चिकटवायला गेलो. वाटी कलंडली. चौदा रातकिडे घरभर. नऊ सापडले. एक बायकोच्या चपलेत. बायको ग्रंथालयात नोकरीला आहे, तिला आवाज न करण्याची सवय आहे. आज मोडली.

पंतांचा रंग आणखी गडद. ४२२, ‘राजेशाही कॉफी’. रुबाब वाढतोय, हे चांगलं लक्षण.

मालकांचा फोन नाही. संकोच करत असतील.

१३ मार्च

लेकीचा फोन. पंत कसे आहेत विचारलं. म्हटलं, रुबाबात. खातात का विचारलं. म्हटलं, मोजकं. सूचना वाचल्या का विचारलं. म्हटलं, अक्षर फार सुरेख आहे. मग आईला फोन द्या म्हणाली.

बायको फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. मायलेकींचं काहीतरी असेल.

१४ मार्च

वजन १०१. काटा जुना आहे.

नंतर साखरेचा नवा पुडा ठेवून पाहिला. काटा बरोबर आहे.

पंत जवळजवळ काळे. ४३०, ‘मखमली विश्रांती’. पण आज कार्ड बाजूला ठेवल्यावर त्यांच्या बरगड्या दिसल्या. बायको पानांवर पाणी शिंपडते, तेवढे थेंब चाटतात, बाकी काही नाही. मला भीती वाटली. लेक आठ-दहा दिवसांत येईल. तिच्या हातात काय देणार? ती मला काही बोलणार नाही. तेच जास्त वाईट.

संध्याकाळी खुर्ची आणखी जवळ ओढली.

१५ मार्च, शनिवार. दुपारी ३.००

बायकोने रिक्षा बोलावली, पिंजरा उचलला, मला पाठीमागून या म्हणाली. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण समजूतदार वाटल्या. त्यांच्यासमोर माझा तक्ता ठेवला: तारीख, वेळ, शेड, मनःस्थिती. अकरा दिवसांचा. त्यांनी नीट वाचला. मनःस्थिती कुठून काढली विचारलं. मी म्हटलं, शेडच्या नावावरून. नावं कोणी ठेवली विचारलं. मी म्हटलं, रंगाच्या कंपनीने.

त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग म्हणाल्या, सरडा असा गडद होतो तो घाबरल्यावर. याला आजार काही नाही. समोर बसून कोणीतरी तासन्‌तास टक लावून बघतं, आणि आपल्याकडे असं बघणारा आपल्याला खाणार, एवढंच याला कळतं.

म्हणजे अकरा दिवस त्यांना वाटत होतं की मी त्यांना खाणार आहे. आणि मी उपास करत होतो.

बायकोने पर्समधून लेकीचा कागद काढला आणि डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. सूचना पहिली: बाबांनी समोर बसू नये. सूचना दुसरी: पहिली सूचना बाबांना पुन्हा वाचून दाखवावी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे. हे मी तिच्या लहानपणापासून सांगतोय, पण आज मान हलवता आली नाही.

१६ मार्च, रविवार

खुर्ची हलवली. पिंजऱ्याला तीन बाजूंनी पडदा. त्या खोलीत मला मनाई.

दिवसभर स्वयंपाकघरात बसलो. काट्यावर एकेक गोष्ट मोजली. चमचा ३१ ग्रॅम.

तक्ता फाडणार होतो. त्याऐवजी मनःस्थितीच्या रकान्यातलं ‘शांत’, ‘रुबाबदार’, ‘विश्रांत’ सगळं खोडून प्रत्येक ओळीत ‘भीती’ लिहिलं. अकरा वेळा. एवढं प्रेम करूनही असं होतं, हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

१७ मार्च

दुकानात गेलो. मालक म्हणाले, इतक्यात आलात? मी मशीनवर फडका मारला.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी १.४०, जिन्यात

जेवायला घरी आलो. पहिल्या मजल्यावर असतानाच बायकोचा मेसेज: वर येऊ नका, खातोय.

थांबलो. पायरीवर बसलो. मग तिने पडद्याच्या फटीतून काढलेला व्हिडिओ आला. पंतांनी जीभ सोडली. एक किडा. मग दुसरा. मग इकडेतिकडे बघत, अगदी सावकाश, तिसरा. आणि रंग हिरवा. माझ्यासमोर ते असे एकदाही झाले नव्हते. डोळे भरून आले, म्हणून व्हिडिओ पुन्हा लावावा लागला.

शेड कार्ड खिशातच होतं. काढलं नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजी वर जाता जाता थांबल्या. किल्ली विसरलात का, विचारलं. मी म्हटलं, नाही, वर जेवण चाललंय. पाहुणे आहेत का, विचारलं. म्हटलं, तसंच काहीसं. मी इथे असलो की त्यांना घास नीट उतरतो.

आता बायकोचा आणखी एक मेसेज: चौथा खाल्ला. अजून दहा मिनिटं बसा.

बसलोय.