एका ताग्यातले शर्ट

२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली नुसती फडताळात? माझं बरं चाललंय. शिलाई मशीन कुरकुरतं, मीही कुरकुरते, पण दोघींचं काम होतं.

आमच्या पोराचा अर्ज बुधवारी कोर्टापुढे येतोय. पोलिसांचे कागद मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. मुलं फोनवर काय टाकतात ते ही मंडळी बघत असतात. ह्यांना खांदा दिला त्या दिवसाचा फोटो पोराने टाकला होता. त्यात सगळ्यांचे शर्ट एकसारखे, म्हणून ती टोळी ठरली. पोरगा पोलिसांच्या टोळीवाल्यांच्या यादीत गेला, पाठोपाठ गोदामातली नोकरी गेली.

तुम्हाला तर ठाऊक आहे. दुकानातला शेवटचा तागा ह्यांनी अंथरुणात बसून कापला, त्याचे शर्ट मी शिवले. "मला न्यायला पोरं विटक्या कपड्यांत नकोत," म्हणाले. शिंप्याचा हट्ट, दुसरं काय!

यादीत घालताना विचारत नाहीत, नाव काढायचं कसं ते सांगत नाहीत. म्हणून यादीच रद्द करा, असं वकीलबाईंचं म्हणणं. पण शर्टांची गोष्ट आईने सांगून भागत नाही, त्या म्हणाल्या. बाकीची पोरंही यादीतच, त्यांचं कोण ऐकणार? तुमचा धाकटा तेवढा फोटोत पाठमोरा, म्हणून सुटला.

तुम्ही बजावलं होतंत, "वहिनी, माझ्या पोराला यात ओढू नका." मी कुणापाशी त्याचं नाव काढलं नाही.

सोमवारी तो आपणहून दुकानात आला, शर्टांची साक्ष मी देतो म्हणाला. मी त्याला चांगला झापला. आज तुझं नाव कुठे नाही, सही केलीस की उद्या लागेल, नव्या नोकरीवर पाणी सोडशील, सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मामी, तेव्हा मी पाठ फिरवून रडत होतो. आता तरी तोंड दाखवतो."

वन्सं, त्याने प्रतिज्ञापत्रावर सही केली आहे. मला अडवता आलं असतं. मी अडवलं नाही.

आईला मीच सांगतो म्हणाला होता. सांगणार नाही. मामासारखाच आहे, महत्त्वाचं ते घशात अडकतं. म्हणून हे पत्र.

माझ्याशी बोलणं टाका, चालेल. बुधवारी त्याला मात्र उपाशी घराबाहेर पडू देऊ नका.

तुमच्या भावामागे उरलेली,
वहिनी