नणंद रुसलीय माझी

नाय वन्सं, विमानात उलटी मी नाय केली, बद्रीनाथनं केली. पाचोडच्या बाजारातून निघालेली बातमी लासूर स्टेशनाला पोचेस्तोवर उलटीचा मालकच बदलला, त्याला मी काय करू? मी आपली खिडकीला बसून म्होरं आलेलं सगळं खाल्लं, त्याच्या वाटणीचंबी खाल्लं, आन् एका हातानं त्याची पाठ चोळत बसले. एवढा मोठा दिग्दर्शक, शूटिंगच्या वक्ताला गावावर वरडायचा, पन ढगात गेल्यावर पार कोकरू झालं त्याचं.

आता रीतीनं लिहिते. सौ. आवडावन्संना धाकट्या भावजयीचा, चतुराचा, वाकून नमस्कार. (खरंच वाकले हाय. तिकडं कोरियात सगळे कमरेत वाकून नमस्कार करतेत, मला सवयच लागली. परवा दूधवाल्याला वाकले तर तो बिचारा घाबरून दोन पावलं मागं सरला.) तुमचा गुडघा कसा हाय? निरगुडीचा पाला बांधता, का नुसतं सुनेला बोल लावून दुखणं कमी करता? तुमच्या घरधन्यांचा खोकला थांबला का? इकडं संभाजीनगरात सगळी खुशाली. पुंजाराम वाळूजला कंपनीत जातो, सूनबाई माझ्या पेपरातल्या फोटोखाली बसून शेजारणींना चहा पाजती. पहिले म्हणायची, सासूबाई टीव्हीसमोरून जरा सरका. आता म्हणती, सासूबाई टीव्हीत जरा हसत जा.

पत्र कामून लिहिलं म्हणाल, तर तुमी फोन उचलत नाय. फोन कट करता येतो, पत्र तुमाला कट करता यायचं नाय. फाडलंत तरी दुपारी सगळे झोपल्यावर तुकडे जुळवून वाचाल, मी काय आज वळखते तुमाला?

तुमी रुसलात ते मला मालूम हाय. मालिकेत मी कपाळभर कुंकू लावून, हिरवा चुडा भरून, बायको म्हून गावातल्या मुंजाबाच्या शेजारी बसले ते तुमाला बघवलं नाय. माझ्या भावाच्या माघारी हे काय, असं म्हणून तुमी टीव्ही बंद केला, आन् मागून मलाबी. पन वन्सं, ते काम व्हतं. मी तुरी सोंगायला गावाकडं पाचोडला गेलते, तर बद्रीनाथच्या माणसांनी आमच्याच बांधावर खुर्च्या टाकलेल्या. मी त्यांच्या खानदानाचा असा उद्धार केला, का बद्रीनाथ पळत आला आन् पाया पडून म्हणाला, मावशी, आमची सासू झालेली बाई उन्हानं आडवी झालीय, हेच बोल कॅमेऱ्यासमोर बोलता का? सासू सवाष्ण व्हती म्हून कुंकू आलं. नवरा म्हून मुंजाबाला खाटंवर बसवला. सगळ्या मालिकेत त्यानं एकदा 'हं' म्हटलं, तेबी दोनदा करून घ्यावं लागलं. रोज शूटिंग संपलं का मी पदरानं कपाळ पुसून टाकायची. तुमचे भाऊ दिवसातून दोनदा तरी बोलायचे, एकदा जेवायला वाढ म्हून आन् एकदा मीठ कमी हाय म्हून. त्यांची सर मुंजाबाला कुठून येणार?

तर आपल्या त्या 'सातवा रांजण' मालिकेला कोरियातनं, जगातल्या मालिकांच्या बक्षिसांच्या सोहळ्याचं बोलावणं आलं. बद्रीनाथ म्हणाला, मावशी तुमाला यावंच लागतं. पुंजाराम म्हणाला, आईला गंगापूरची एसटी लागती, ती विमानात कशी बसणार? (लागली कोणाला ते वर लिहिलंच हाय.) चिकलठाण्यावरून उडालो तर खाली आपलं शहर एवढंसं, मकबरा तर कोणी खडीसाखर सांडल्यावानी. मी लासूर कुठं दिसतं का बघत व्हते. दिसलं असतं तर वरून हाक मारली असती, तेवढ्यानं तरी तुमी वर बघितलं असतं.

तिथला हॉल म्हंजे काय सांगू, आपल्या मोंढ्याएवढा, पन आत धान नाय, नुसतं अत्तर. दारापासून लाल सतरंजी अंथरलेली, दोन्ही अंगानं फोटोवाले. म्होरं एक नटी चालत व्हती, तिचं लुगडं मागं इतकं लांब लोळत व्हतं का मला दया आली. मी ते उचलून तिच्या हातात दिलं आन् म्हणलं, बाई, खोचून घे, पाय अडकंल. फोटोवाल्यांनी त्याचे सगळ्यात जास्ती फोटो काढले. ती हसली, बद्रीनाथनं मात्र डोक्याला हात लावला.

आता तुमी विचारणार का तिथंबी कपाळावर कुंकू कसं, कारण पेपरातला फोटो तुमी बघितला असंल. तर सांगते. सोहळ्याच्या आधी तिथल्या एका मेकअपवाल्या पोरीनं मला आरशाम्होरं बसवलं. तिच्या हातात मालिकेचं पोस्टर. तिनं पोस्टर बघितलं, मला बघितलं, आन् तसंच्या तसं रुपयाएवढं कुंकू काढून मोकळी झाली. मी काय बोलणार? तिला मराठी येत नाय, मला कोरियाचं येत नाय. बरं, तोंडाला रंग लावलेल्या बाईनं हलूबी नाय. लाचार झाले म्हणा ना.

खुर्चीवर माझं नाव चिकटवलेलं. तिथल्या अक्षरात व्हतं, पन आपल्याकडून तिकडं शिकायला गेलेली एक पुण्याची पोरगी आमच्यासंगं बोली सांगायला दिलेली, तिनं वाचून दाखवलं. नुसतं 'चतुराबाई'. म्होरं सौ. नाय का गं.भा. नाय. वन्सं, तुमचे भाऊ गेल्यापासून रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत माझ्या नावाला गं.भा. चिकटलेलंच असतं, जसं काय बारशालाच ठेवलं व्हतं. तिथं त्या खुर्चीवर मी लग्नाआधीच्यावानी एकटीच बसलेली दिसले. मी जरा वेळ उभीच राहिले. मागचे लोक म्हणाले असतील, ही बाई बसत कामून नाय.

मग पडद्यावर एकेका देशाच्या मालिकेचे तुकडे दाखवले. मला वाटलं व्हतं काय कळणार? सगळं कळलं! तुर्कस्तानातली सासू सुनेच्या हातचं कालवण बाजूला सारती, ब्राझीलची सासू दारात आडवी उभी राहती, चीनची सासू तर काय बोलतच नाय, नुसती चहाचा पेला ठेवती, पन असा ठेवती का सून रडायला लागती. (ती मला सगळ्यात आवडली. तुमची आठवण झाली.) मी मोठ्यानं पुण्याच्या पोरीला सांगत व्हते, आता ही माहेरी जाणार, आता हिचा नवरा गप्प बसणार. तो गप्पच बसला. माझ्या शेजारी कोरियाची एक म्हातारी नटी बसलेली, रेशमी कपडे, पिकलेले केस. ती माझ्याकडं बघून मान हालवायची. दोघी एकाच जागी जीभ चावायचो, एकाच जागी दस्तीनं डोळे पुसायचो.

आन् मग आपलं नाव घेतलं! वन्सं, आपलं! बद्रीनाथ उठला, पन त्याचं पोट अजून विमानातच व्हतं का काय, स्टेजवर गेल्यावर तोंडातून शब्द फुटंना. त्यानं बक्षिसाची सोन्याची बाहुली माझ्या हातात दिली आन् माइक माझ्याकडं सरकवला. एवढा हॉल माझ्याकडं बघायला लागला. मी चौथी शिकलेली बाई, मला भाषण कुठलं येतंय? चार माणसांत उभं राहून मी जिंदगीत एकच गोष्ट केलीय, उखाणा. तोच घेतला:

सोन्याची बाहुली हातात, पायाखाली लाल सतरंजी,
सूर्यभानरावांचं नाव घेते, नणंद रुसलीय माझी.

पुण्याच्या पोरीनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. नवऱ्याचं नाव असं वर्षानुवर्षं जपून कामून ठेवतेत, हे सांगायला तिला लई वेळ लागला. पन रुसलेली नणंद सांगायला काय वेळ लागला नाय. सगळ्या बाया एकदम हसल्या आन् टाळ्या वाजवायला लागल्या. तुर्कस्तानची तर उभीच राहिली. म्हंजे वन्सं, तुमी लासूरात तोंड फुगवून बसलात आन् तिकडं साऱ्या जगानं तुमच्या नावानं टाळ्या वाजवल्या. तुमच्या भावाचं नाव समुद्रापल्याड पोचलं. गंगापूरच्या म्होरं कधी न गेलेला माणूस तो.

खाली आल्यावर त्या म्हाताऱ्या नटीनं माझ्या कपाळाकडं बोट करून हातानंच विचारलं, हे काय? मी आधी वर आभाळाकडं बोट केलं, मग माझ्या छातीकडं. तिनं माझा हात धरला, तो जेवणं होईस्तोवर सोडला नाय. (जेवण दोन काड्यांनी व्हतं, एक हात गुंतलेला, त्यामुळं मी उपाशीच राहिले. पन तिला सांगितलं नाय.)

बाहुली सध्या बद्रीनाथच्या घरी हाय, पन येत्या रविवारी माझ्याकडं येणार, मग पाळीपाळीनं. तुमाला बघायची असंल तर माझ्याच पाळीत या. सगळ्यांना आशीर्वाद, पोरांचे मुके, आन् मोठ्यांना कोरियातल्यावानी वाकून नमस्कार.

तुमची,
चतुरा

ता.क. – खरं काम इथं हाय. पाचोडला पौर्णिमेला आमचा सत्कार ठेवलाय. सरपंचाची वच्छलाबाई घरी येऊन सांगून गेली, मालिकेतल्या बाकी बायांना ओवाळणार, हळदीकुंकू लावणार, आन् 'तुमाला मावशी, शाल-नारळ'. गोड बोलून गेली. मी हसून चहा पाजला आन् ती गेल्यावर कपबशी लई वेळ घासत बसले. वन्सं, तुमी या. सगळ्यांच्या म्होरं तुमच्या बोटानं मला कुंकू लावा. सूर्यभानरावांच्या सख्ख्या बहिणीनं लावलं तर पाचोडात कोणाची जीभ उचलंल? नाय आलात तर मी शाल-नारळ घेऊन गुमान घरी येईन, दुसऱ्या कोणाला सांगणार नाय.

आणखी ता.क. – पत्र चिकटवलं व्हतं, पुन्हा फोडलं. खोटं सांगून तुमच्या हातचं कुंकू मला नको. ती मेकअपवाली पोरगी नव्हतीच. लग्नात तुमी मला दिलेला तो कुंकवाचा पितळी करंडा मी लुगड्याच्या घडीत घालून नेला व्हता. हाटेलाच्या खोलीत, आरशाम्होरं, कोणी सांगितलं नसताना, मी माझ्या हातानं लावलं. आन् पुसलं नाय.